हातच्याची वजाबाकी: चूक हेरून पंधरा तासिकांचा आराखडा कसा करायचा

‘चौथीची मुलं वजाबाकीत कच्ची आहेत, त्यांच्यासाठी काहीतरी करा.’ नव्याने उपचारात्मक वर्ग घेणाऱ्या शिक्षकाला किंवा स्वयंसेवकाला गरज सांगितली जाते ती बहुधा अशी. मग सुट्टीच्या दिवशी रंगीत तक्ते तयार होतात, पन्नास उदाहरणांची कृतिपत्रिका छापली जाते आणि महिन्याभराने तीच मुले तीच चूक करतात. ‘वजाबाकीत कच्ची’ ही तक्रार आहे. तिच्यावरून शिकवण्याचा आराखडा आखता येत नाही. तो आखायचा तर मूल कोणत्या पायरीवर, काय समजून, काय लिहिते हे आधी कळायला हवे.

या लेखात एकच गरज घेतली आहे: तिसरी-चौथीच्या मुलांची दोन अंकी हातच्याची वजाबाकी. कामाची रीत दुसऱ्या कुठल्याही गरजेला लागू पडते, पण ती मोघम सांगून उपयोग नाही.

आधी शहानिशा: ही शिकवण्याची अडचण आहे का?

प्रत्येक चुकलेले उदाहरण न शिकल्यामुळे चुकत नाही. तीन गोष्टी पहिल्याच दिवशी तपासा.

हजेरीपत्रक उघडा. दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेले मूल मार्च-एप्रिलमध्ये परतले असेल, तर त्याची वजाबाकी कच्ची नाही, ती शिकवलीच गेलेली नाही. त्याला उपचार नको, पहिल्यापासून शिकवणे हवे.

मग वही आणि फळा ताडून पाहा. वहीत ६३ च्या जागी ६८ उतरले असेल आणि असे वारंवार होत असेल, तर त्या मुलाला पुढे बसवा आणि डोळे तपासून घ्यायला सांगा. वजाबाकी त्याने बरोबरच केलेली असते, फक्त दुसऱ्याच उदाहरणाची.

तिसरी गोष्ट संख्यावाचनाची, आणि मराठीत ती जरा नाजूक आहे. पंचेचाळीस म्हणताना पाच आधी येतात आणि चाळीस नंतर, लिहिताना मात्र चार आधी. ‘एकोणतीस’ ऐकून ३९ लिहिणारी मुले दर वर्गात दोनचार सापडतात, कारण कानावर ‘तीस’ पडलेले असते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातल्या ‘वीस एक’, ‘वीस दोन’ वरून जो वाद झाला, त्याच्या मुळाशी हीच अडचण होती. तेव्हा उदाहरणे तोंडी सांगून लिहायला लावू नका, छापलेली द्या. संख्यालेखन वेगळे तपासा: २९, ३८, ४५, ५९, ७९ एवढ्या पाच संख्या सांगून लिहून घेतल्या की पुरते.

निदान चाचणी: बारा प्रश्न, अर्धा तास

‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीतल्या चाचणीत हातच्याच्या दोन अंकी वजाबाक्या असतात. त्यावरून मूल कोणत्या पातळीवर आहे हे कळते, का अडकले हे कळत नाही. त्या चाचणीचे ते कामही नाही. आपल्याला कारण हवे, म्हणून उदाहरणे अशी निवडायची की प्रत्येक चुकीचे उत्तर वेगळे येईल.

इथे नवखा हमखास फसतो. फळ्यावर पटकन सुचते ते उदाहरण घ्या: ५२ − २७. बरोबर उत्तर २५. एक मूल ‘दोनातून सात जात नाहीत’ म्हणून सातातून दोन वजा करते: ७ − २ = ५, ५ − २ = ३, उत्तर ३५. दुसरे मूल रीतसर दशक सोडते, म्हणजे एका दशकाचे दहा सुटे करते, १२ − ७ = ५ करते, पण वरच्या पाचाचे चार करायला विसरते. ५ − २ = ३, उत्तर पुन्हा ३५. पहिल्याला दशक सोडणे ही कल्पनाच नाही. दुसऱ्याला ती आहे, फक्त एक खूण राहिली. दोघांची चूक वेगळी, उपाय वेगळा, उत्तर मात्र एकच. एककाच्या दोन अंकांतला फरक पाच असला की असे होणारच. म्हणून निदानाच्या चाचणीत एककात पाचाचा फरक येईल असे हातच्याचे एकही उदाहरण ठेवायचे नाही.

आता ६३ − २७ पाहा. बरोबर ३६. उलटी वजाबाकी केली तर ४४. दशक कमी करायचा राहिला तर ४६. उत्तर वाचताक्षणी चूक ओळखू येते.

चौथीसाठी चालेल असा संच:

१) ५८ − २३
२) ७९ − ४६
३) ६३ − २७
४) ८१ − ४८
५) ७० − ३४
६) ९४ − ५०
७) ८५ − ६ (आडवे छापा, उभी मांडणी मुलाने करायची)
८) ४२ − ३८
९) ४५२ − १२८
१०) ३०४ − १२७
११) सीमाकडे ४२ बिया आहेत, रमेशकडे १८. सीमाकडे किती बिया जास्त आहेत?
१२) तोंडी, एकेकाला बोलावून: १३ − ७, १५ − ८, १६ − ९, १२ − ३

पहिली दोन बिनहातच्याची आहेत. ती चुकली तर पुढचे सगळे बाजूला ठेवून एकक-दशकाकडे परतावे लागेल. पण पहिल्याचे उत्तर २१५ आले तर वेगळाच प्रकार आहे: मुलाने गरज नसताना दशक सोडला, १८ − ३ = १५ केले आणि पंधरा जसेच्या तसे लिहिले. ‘वजाबाकी म्हणजे वरचा अंक खोडायचा’ एवढेच त्याच्या हाती लागले आहे. पाचव्यात ४४ आले तर उलटी वजाबाकी, ४६ आले तर दशक कमी करायचा राहिला, आणि ४० आले तर ‘शून्यातून काही जात नाही, म्हणून शून्य’ ही समजूत. सातव्यात २५ म्हणजे सहा हा अंक आठाच्या खाली गेला. मांडणीची चूक, वजाबाकीची नव्हे. अकराव्यात ६० आले तर ‘जास्त’ हा शब्द दिसला की बेरीज करायची, असे मुलाने धरले आहे. दहावे फक्त अंदाजासाठी आहे. मधल्या शून्यावर १८७, २२३, २७७ अशी नाना उत्तरे येतात. तो स्वतंत्र विषय आहे आणि या आराखड्यात आपण तो घेणार नाही.

या चुका गोंधळातून येत नाहीत, त्यांना नियम असतो. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७८ मध्ये वजाबाकीतल्या चुकांवरच्या कामातून नेमके हेच दाखवले होते: मूल नियम पाळत असते, पण नियम चुकीचा असतो. बऱ्याचदा तो आपणच दिलेला असतो. पहिली-दुसरीत ‘नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचा’ असे आपण संख्यांबद्दल सांगतो, मूल ते प्रत्येक स्तंभाला लावते आणि ७ − ३ = ४ करून मोकळे होते. हे वाक्य वर्गातून हद्दपार केले तरी निम्मे काम हलके होईल.

तक्ता भरताना बरोबर-चूक लिहू नका

कागद तपासून झाले की एक तक्ता करा. उभ्या रकान्यात मुलांची नावे, आडवे बारा प्रश्न. चौकटीत बरोबर-चुकीची खूण करू नका, मुलाने लिहिलेले उत्तर जसेच्या तसे उतरवा. वेळ दुप्पट लागतो, पण पुढचा सगळा आराखडा या एका कागदावर उभा राहतो. खुणांच्या तक्त्यावरून ‘बारापैकी पाच’ एवढेच कळते. उत्तरांच्या तक्त्यात ४४, ४७, ४४ अशी ओळ दिसली की चूक आपोआप बोलते.

ज्यांच्या उत्तरांचा अर्थ लागत नाही, अशा सहा-सात मुलांशी प्रत्येकी पाच मिनिटे बोला. विचारायचे ते ‘हे कसं केलंस?’ एवढेच. ‘हे बरोबर आहे का?’ विचारले की मूल खोडरबर शोधते. असे संवाद साधारण या वळणाने जातात:

‘सत्तर वजा चौतीस. कसं केलंस, सांग बरं.’
‘बाई, शून्यातून चार जात नाहीत. मग चारातून शून्य गेलं, चार राहिले. सातातून तीन गेले, चार.’
‘बरं. तुझ्याकडे सत्तर रुपये होते, दुकानात चौतीस खर्च केलेस. किती उरले?’
‘छत्तीस.’
‘आणि इथे चव्वेचाळीस कसे?’
‘ते वहीतलं आहे, बाई.’

या मुलीला वजाबाकी येते. दहाची नोट मोडली की काय होते हेही तिला ठाऊक आहे. वहीतल्या खुणांचा त्या पैशांशी काही संबंध आहे, हे मात्र तिला कुणी दाखवलेले नाही. तिला शिकवायचा आहे तो हा दुवा. तोंडी हिशेबही चुकला असता तर तिची जागा वेगळ्या गटात असती.

गट पाडा, आणि कुणाला काय शिकवायचे नाही तेही ठरवा

समजा वर्गात २८ मुले आहेत आणि तक्ता असा निघाला: ९ जणांना येते, ११ जण उलटी वजाबाकी करतात, ४ जण दशक कमी करायला विसरतात, २ जण मांडणीत चुकतात, २ जणांना एकक-दशकच कळलेले नाही. गरज एकच सांगितली गेली होती, प्रत्यक्षात चार निघाल्या.

मांडणीत चुकणाऱ्या दोघांना चौकटीची वही द्या आणि एक तासिका. त्यांना पंधरा दिवस काड्या मोजायला बसवणे म्हणजे शिक्षाच. विसरणाऱ्या चौघांना तीन तासिका पुरतात: दशक सोडल्याबरोबर, एककाला हात लावण्याआधी, वरचा अंक खोडून नवा लिहायचा ही सवय. एकक-दशक न कळलेल्या दोघांना वेगळे घ्यावे लागेल. ते या गटात बसले तर पंधराव्या दिवशीही शेजाऱ्याचेच बघून लिहीत असतील. पूर्ण आराखडा त्या अकरा जणांसाठी. मुलांचे गट इयत्तेपेक्षा पातळीनुसार करावेत हे ‘प्रथम’ या संस्थेने वर्षानुवर्षे करून दाखवले आहे, पण पातळी एक असली तरी चूक एक असतेच असे नाही. म्हणून एकाच पातळीच्या मुलांचेही चुकीनुसार वेगळे गट करावे लागतात.

ज्यांना येते त्या नऊ जणांना ‘छोटे शिक्षक’ करण्याचा मोह होतो. आवरा. चौथीतले मूल शिकवते म्हणजे बहुधा उत्तर सांगते.

शेवटची चाचणी आधी लिहा

ॲडी हे नाव प्रशिक्षणात कानावर पडेलच. विश्लेषण, आराखडा, साहित्यनिर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन हा क्रम १९७५ च्या सुमारास फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षणासाठी बांधला गेला. क्रम चांगला आहे, पण नवखी माणसे तो शब्दशः पाळतात आणि मूल्यमापन शेवटी आहे म्हणून चाचणीही शेवटी काढतात. मग जे शिकवले त्यातले सोपे तेवढे विचारले जाते. चाचणी कृती ठरवण्याआधी लिहून, पाकिटात घालून ठेवा.

चाचणी लिहायची तर उद्दिष्ट पक्के हवे. ‘विद्यार्थ्यांना वजाबाकीची संकल्पना समजेल’ हे वाक्य टाचणात शोभते, पण समजले की नाही ते कसे ओळखायचे? १९६२ मध्ये रॉबर्ट मेगर यांनी उद्दिष्टाचे तीन भाग सांगितले: मूल काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत, आणि किती चांगले. आपल्या गटासाठी ते असे होईल:

‘हातच्याची आणि बिनहातच्याची मिसळ असलेली दोन अंकी वजाबाकीची १० उदाहरणे, काड्या किंवा चित्र न वापरता, कागदावर सोडवेल. किमान ८ बरोबर. हातच्याच्या एका उदाहरणात दशक कुठे गेला ते काड्यांनी करून दाखवेल.’

यात वेळेची अट मुद्दाम ठेवलेली नाही. घड्याळ लावले की मूल पुन्हा जुन्या, पटकन होणाऱ्या उलट्या वजाबाकीकडे वळते. ‘मिसळ’ हा शब्द मात्र काढू नका. सगळी दहाही उदाहरणे हातच्याची असली तर मुलाला विचार करावाच लागत नाही.

अंतिम चाचणीत निदानातलीच उदाहरणे देऊ नका. आकडे बदला, घडण तीच ठेवा. ६३ − २७ च्या जागी ७२ − ३८ चालेल: बरोबर ३४, उलटी वजाबाकी ४६, विसरलेला दशक ४४. ७० − ३४ च्या जागी ८० − ५३: बरोबर २७, आणि चुकीची ३३, ३७, ३०.

साहित्य: सहाशे काड्या आणि एक पसरट डबा

अकरा मुलांसाठी सहा जागा धरा: पाच जोड्या आणि उरलेल्या एकाबरोबर तुम्ही. प्रत्येक जागेला ९९ पर्यंतची संख्या मांडता यावी म्हणून शंभर काड्या, म्हणजे एकूण सहाशे. आइस्क्रीमच्या काड्या उत्तम. खराट्याचे हीर तोडूनही चालतात, पण टोके बोचणार नाहीत असे बघा. रबरबँड जागेला नऊ, म्हणजे चोपन्न. सत्तर घ्या, तुटतात.

दशकाचे तयार ठोकळे शाळेच्या गणित पेटीत असतील, तरी सुरुवात काड्यांनीच करा. ठोकळ्यातला दशकाचा दांडा फोडता येत नाही, तो देऊन दहा सुटे बदलून घ्यावे लागतात. जुडीचे रबर काढले की त्याच दहा काड्या समोर पसरतात, नवे काही येत नाही आणि काही जात नाही. मुलाला नेमके हेच दिसायला हवे. नोटा त्याहून पुढची पायरी. दहाच्या नोटेत दहा रुपये दिसत नाहीत, ते मानावे लागतात. तीन अंकी वजाबाकीला त्या कामी येतील, कारण शंभरचे सुट्टे करणे हा मुलांच्या रोजच्या व्यवहारातला शब्द आहे.

शब्दांचेही आधीच ठरवून घ्या. ‘उसने घेणे’ म्हटले की परत कधी द्यायचे, हा प्रश्न हुशार मूल विचारतेच. ‘दशक सोडणे’ किंवा ‘जुडी सोडणे’ म्हणा, जे हात करतात तेच. वर्ग दोघे घेणार असाल तर दोघांनी एकच शब्द वापरायचा. घरी कुणी खालच्या दशकात एक मिळवण्याची रीत शिकवली असेल तर ती चूक म्हणू नका. उत्तर तिनेही बरोबर येते. मुलाला निवडू द्या, पण एका उदाहरणात एकच रीत.

पंधरा तासिका, वीस दिवसांत

चार आठवड्यांत वीस शाळेचे दिवस दिसतात. आराखडा पंधराचाच करा. एक दिवस आरोग्य तपासणी, एक दिवस स्पर्धा, एक दिवस तुमचेच प्रशिक्षण. यंदा काय येईल ते सांगता येत नाही, पण काहीतरी येतेच. उरलेच तर ते दिवस उजळणीला वापरता येतात.

१–२: वजाबाकी नाहीच. एकच संख्या अनेक रूपांत. ६३ म्हणजे ६ जुड्या ३ सुट्या. एक जुडी सोडा: ५ जुड्या १३ सुट्या. संख्या बदलली का? मोजून पाहा. वहीत दोन्ही रूपे शेजारी लिहायची. या दोन तासिका वगळून थेट वजाबाकीवर उडी मारणे ही सगळ्यात महागात पडणारी घाई आहे. ‘पाच दशक तेरा’ हेही त्रेसष्टच आहे हे पटले नसेल, तर पुढची प्रत्येक खूण मुलाला जादूच वाटते.

३–५: काड्यांनी वजाबाकी, आणि प्रत्येक कृतीला लगेच एक खूण. एक हात रबर काढतो तेव्हा दुसरा सहा खोडून पाच लिहितो. सुट्या काड्या तेरा झाल्या की तिनावर तेरा. जोडीत एकाने काड्या, दुसऱ्याने पेन्सिल, दर उदाहरणाला अदलाबदल. ‘आधी सगळे काड्यांनी करा, मग वहीत उतरवा’ असे केले की मुले काड्यांवर बरोबर आणि वहीत चूक, अशी दुभंगतात. ती दोन वेगळी कामे होऊन बसतात.

६: सोडवायचे नाही, फक्त ठरवायचे. बारा उदाहरणे, प्रत्येकापुढे ‘जुडी सोडायची’ किंवा ‘नाही’. पाचएक उदाहरणे बिनहातच्याची असू द्या. पंधरा तासिकांत एकच जपता आली तर आम्ही ही जपू.

७–९: चित्र. दशकाला उभी रेघ, एककाला टिंब. दशक सोडला की रेघ खोडून दहा टिंबे. शेजारी अंकांतली मांडणी चालूच. आता सगळी उदाहरणे मिसळीची.

१०–११: फक्त अंक. ७० − ३४ सारखी, वरच्या एककात शून्य असलेली उदाहरणे इथे. काड्यांचा डबा खोलीतच, पण टेबलावर. अडलेल्याने उठून जायचे आणि पडताळून परत यायचे. डबा पूर्ण काढून घेतला तर काही मुले पुन्हा बोटांवर येतात, हाताशी ठेवला तर विसाव्या दिवशीही काड्याच मोजतात. चार पावले चालावे लागले की मूल आधी डोक्यात करून बघते.

१२: आडव्यावरून उभी मांडणी, ८५ − ६ सारखी.
१३: ४२ − ३८ सारखी, जिथे दशकात काहीच उरत नाही. ०४ लिहिणाऱ्याला चूक देऊ नका, विचारा.
१४: शाब्दिक उदाहरणे, तीन प्रकार मिसळून: काढून घेतले, किती जास्त, किती कमी पडतात.
१५: अंतिम चाचणी.

प्रत्येक तासिका ४० मिनिटांची. पहिली ५ मिनिटे तोंडी, मग १० काड्या किंवा चित्र, १० मिनिटे जोडीने वहीत, १० एकट्याने, शेवटची ५ मिनिटे निरोपाची चिठ्ठी (तिच्याबद्दल पुढे).

तोंडी पाच मिनिटांत काय घ्यायचे याचा हिशेब सोपा आहे. हातच्याच्या वजाबाकीत एककात लागणाऱ्या ११ ते १८ पर्यंतच्या वजाबाक्या फक्त ३६ आहेत: अकरातून आठ प्रकारच्या, बारातून सात, असे उतरत अठरातून एक, १८ − ९. रोज पाच घेतल्या तर आठव्या दिवशी सगळ्या संपतात, मग फिरून पहिल्यापासून. पाठ करून घेऊ नका, दहावर थांबायला शिकवा: तेरातून तीन गेले, दहा, आणखी चार गेले, सहा. बोटांवर मोजणाऱ्यांचे उत्तर बहुधा एकाने चुकते, कारण ‘तेरा’ म्हणतानाच पहिले बोट मिटलेले असते.

आराखडा कागदावर उतरवताना पाच रकाने पुरेत: दिवस, आजचे काम, नेमकी उदाहरणे, साहित्य, चिठ्ठीतले दोन प्रश्न. ‘नेमकी उदाहरणे’ हा रकाना मोकळा ठेवून ‘सरावासाठी उदाहरणे द्या’ असे लिहिले तर वर्गात उभे राहिल्यावर ५२ − २७ च सुचेल.

चिठ्ठी, आणि तिच्यावरून उद्याचा दिवस

निरोपाची चिठ्ठी म्हणजे पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचा कागद, दोन उदाहरणे, नाव. एक हातच्याचे, एक बिनहातच्याचे. वर्ग सुटल्यावर तीन ढीग करा: दोन्ही बरोबर, एक बरोबर, दोन्ही चूक. अकरा चिठ्ठ्यांना पाच मिनिटे लागतात. त्या दुसऱ्या दिवशी बघू म्हटले की चिठ्ठीचा उपयोग संपला.

नियम आधीच ठरवून ठेवा, नाहीतर दर संध्याकाळी स्वतःशीच वाद होतो. अकरापैकी चार किंवा जास्त जणांची एकच चूक असेल तर उद्याची तासिका पुढे न्यायची नाही, आजचेच दुसऱ्या उदाहरणांनी घ्यायचे. एक-दोघांचीच असेल तर वर्ग पुढे जातो आणि त्या दोघांजवळ जोडीकामाच्या दहा मिनिटांत तुम्ही बसता. राखीव पाच दिवसांपैकी दोन-तीन इथेच खर्च होतात, आणि व्हावेत.

पहिल्या दोन तासिका पूर्ण गटाबरोबर घेण्याआधी, जमल्यास, तीन मुलांवर करून बघा. कृती चालते का हे कळतेच, पण जास्त उपयोगी कळते ते वेळेचे. सहा जुड्या बांधायला मुलांना तुमच्या अंदाजापेक्षा दुप्पट वेळ लागतो. मग पहिल्या दिवशी जुड्या आधीच बांधून आणायच्या की नाही हे ठरवता येते. आमचे मत: निम्म्या बांधून आणा, निम्म्या मुलांनी बांधाव्यात. दहा मोजून रबर लावण्यातच दशक आहे, पण साठ मोजण्यात तासिका जाते.

आकडे आल्यावर

पंधराव्या दिवसाच्या चाचणीची उत्तरेही निदानासारखीच तक्त्यात उतरवा, त्याच मुलाच्या त्याच ओळीत, शेजारी. ४४ ची ३४ झाली का हे एका नजरेत दिसते. ६३ − २७ ला ४४ लिहिणाऱ्याने ७२ − ३८ लाही ४४ लिहिले असेल तर गुणांत फरक नाही, पण मूल खूप पुढे आले आहे: ते आता दशक सोडते, फक्त कमी करायला विसरते. त्याला परत पहिल्या तासिकेवर पाठवू नका, विसरणाऱ्या चौघांच्या तीन तासिका द्या.

शिकवणे संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी आलेले आठ गुण फार खरे मानू नका. तीन आठवड्यांनी, आगाऊ न सांगता, पाच उदाहरणांची चाचणी घ्या आणि मुख्य वर्गातली वहीही मागून बघा. उपचारात्मक वर्गात जुडी सोडणारे मूल वर्गशिक्षकांच्या फळ्यासमोर जुन्या रीतीने लिहिताना सापडते. ‘ते वहीतलं आहे, बाई’ हेच दुसऱ्या रूपात. म्हणून वर्गशिक्षकांना तिसऱ्या तासिकेच्या आसपास एकदा बोलावून काड्या आणि खुणा शेजारीशेजारी दाखवा, शब्द कोणते वापरतो ते सांगा. वीस मिनिटे लागतात.

तीन आठवड्यांनंतर जी मुले पुन्हा उलट्या वजाबाकीवर गेलेली दिसतील त्यांच्यासाठी दोन तासिका आधीच वेळापत्रकात टाकून ठेवा: एक काड्यांची, एक सहाव्या दिवसाची, ‘सोडायची की नाही’ वाली. आणि उत्तरांचा तक्ता फेकू नका. जूनमध्ये पुढच्या वर्गाचे शिक्षक ३०४ − १२७ शिकवायला घेतील, तेव्हा दहाव्या प्रश्नाखालचा रकाना त्यांना लागेल.